पत्ता, पडताळा आणि पोच



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते त्या आमच्या कै. हेडसरांच्या हाताखाली मी या शाळेत शिकलो, आणि पुढे कॉलेजात मराठी शिकवू लागण्यापूर्वी दोन वर्षे येथेच शिकवलेही. त्यामुळे या व्यासपीठावरून मी संतवाङ्मयावर अथवा बडोद्याच्या मराठी परंपरेवर बोलेन, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक होते. निमंत्रणपत्रिकेवर ‘ई-मेलच्या पत्त्यांचा पडताळा करणाऱ्या साधनाची माहितीपुस्तिका आणि तिचा यंत्रवाचक’ हा विषय वाचून काहींना छपाईची चूक वाटली, असे मला चिटणिसांनी सांगितले. चूक नाही. गेले वर्षभर मी याच कामात थोडाफार गुंतलो आहे आणि त्याचे मूळ एका दुःखद प्रसंगात आहे.

आधी हेडसरांची एक आठवण सांगतो. एखादा मुलगा पंधरावीस दिवस शाळेत आला नाही की वर्गशिक्षक हजेरीपटावर त्याच्या नावापुढे तांबडी रेघ ओढायला निघत. मीही एकदा निघालो होतो. हेडसरांनी विचारले, “गैरहजर आहे की शाळा सोडून गेला आहे?” मी म्हटले, “ठाऊक नाही, सर.” ते म्हणाले, “मग ठाऊक नाही असे लिहा, आणि शिपायाला त्याच्या घरी पाठवा.” शिपाई वाडीतल्या त्या बिऱ्हाडी जाऊन आला. मुलाला विषमज्वर झाला होता. महिन्याने तो परत वर्गात येऊन बसला, आणि त्याचे नाव पटावर होते.

आता तो प्रसंग. गेल्या वर्षी माझा एक वर्गबंधू वारला. साठ वर्षांचा स्नेह. आम्हां जुन्या मित्रांचे एक मंडळ आहे. त्याचे नाव घेत नाही, कारण दोष कोणा एकाचा नव्हता. त्या मंडळाने शोकसभेची सूचना ई-मेलने सर्वांना धाडली. मला ती आली नाही. सभा होऊन गेल्यावर तिसऱ्या दिवशी भाजीबाजारात कोणी विचारले, “तुम्ही आला नाहीत?” तेव्हा मला मित्र गेल्याचे कळले. चौकशी करता असे आढळले की मंडळाच्या तरुण चिटणिसाने पत्त्यांची जुनी यादी संगणकावरील एका कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतनिसाकडे दिली होती आणि ‘निरुपयोगी पत्ते काढून टाक’ असे सांगितले होते. मदतनिसाने पडताळ्याचे एक साधन वापरले. माझ्या पत्त्याविषयी साधनाने उत्तर दिले, ‘अज्ञात’. मदतनिसाने ते वाचले ‘अवैध’, आणि माझ्या नावावर तांबडी रेघ ओढली. अहवालात सुबक वाक्य होते: अवैध पत्ते वगळले आहेत.

मला राग आला तो यंत्राचा नाही. मी ते ‘अज्ञात’ लिहिणाऱ्याचे पान मागवून वाचले. साधनाच्या माहितीपत्रकात त्या शब्दाला स्पष्टीकरण म्हणून एकच वाक्य होते, ‘पत्ता तपासता आला नाही’. चाळीस वर्षे मी विद्यार्थ्यांच्या वह्यांत अशा वाक्यांखाली रेघा मारल्या आहेत.

योगायोग असा की माझा एक जुना विद्यार्थी अशाच प्रकारचे दुसरे एक साधन बनवणाऱ्या चमूत आहे. मी त्याला ही हकीकत सांगितली. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “सर, आमच्याही पानावर हेच वाक्य आहे. तुम्ही बसाल का माझ्याबरोबर?” मी बसलो.

या साधनाची गरज का पडते, ते प्रथम पाहू. टपालात पत्ता म्हणजे जागा. आपल्या लहानपणी बडोद्यात पत्र रावपुऱ्यातल्या अमक्या वाड्याजवळ, तमक्यांच्या माडीवर, एवढ्यावर पोचे, कारण पोस्टमन माणसे ओळखीत असे. देश मोठा, गावांची नावे सारखी, लिप्या अनेक. तेव्हा १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकडी पिनकोड सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यातील वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृत कवी होते, हे मराठी माणसालाही पुष्कळदा ठाऊक नसते. आपल्या ३९०००१ मधील पहिला आकडा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून वर्गवारीचा जिल्हा, आणि शेवटचे तीन टपालकचेरी. प्रत्येक आकड्याला अर्थ आहे. आणि पत्र पोचले नाही तर पोस्टमन पाकिटावर शेरा मारी: पत्ता अपुरा, घर बंद, घेण्यास नकार, गाव सोडून गेले, मयत. हे पाच शेरे पाच वेगळ्या गोष्टी सांगतात. ‘घर बंद’ लिहिलेले पाकीट पाहून कोणी घरमालक मेला असे मानले नाही.

ई-मेलला मात्र जागा नाही. १९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकी अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्यावर निरोप धाडताना माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव यांच्यामध्ये हिशेबाच्या वहीतले ‘दराने’ या अर्थाचे चिन्ह घातले. तेच आजचे ‘अ‍ॅट’. उजवीकडे यंत्राचा पत्ता, डावीकडे पेटीचे नाव. पत्रांच्या देवघेवीचे नियम १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी लिहिले. आडनावच पोस्टेल! या नियमांतील एक तत्त्व मला फार महत्त्वाचे वाटते: डावीकडच्या भागाचा अर्थ लावण्याचा अधिकार केवळ पत्र घेणाऱ्या यंत्राचा. बाहेरच्याने त्यावर निवाडा करू नये. म्हणजे पडताळा करणाऱ्याला स्वतःचे मत असूच शकत नाही. दारात जाऊन विचारणे एवढेच त्याच्या हाती.

नियमांत ‘अमुक माणूस येथे राहतो का’ असे सरळ विचारणारी एक आज्ञाही होती. पण नको असलेल्या जाहिरातींचा पाऊस पाडणाऱ्यांनी त्याच आज्ञेने दारोदार नावे गोळा करायला सुरुवात केली, आणि बहुतेक यंत्रांनी त्या प्रश्नाला उत्तर देणे बंद केले. आजची साधने म्हणून आडवाटेने जातात. आधी पत्त्याची घडण पाहतात. मग उजवीकडच्या नावाने पत्रे कोण स्वीकारतो, ते इंटरनेटच्या नामसूचीत शोधतात. मग त्या यंत्राशी बोलणे सुरू करतात, पाठवणाऱ्याचे नाव सांगतात, ज्याला पाठवायचे त्याचे नाव सांगतात, आणि उत्तर ऐकताच पत्र न देताच निघून येतात. दार ठोठावून पळणारी मुले आपण पाहिली आहेत. हे तसेच, फक्त हेतू चांगला.

दारातून येणारे उत्तर आकड्यांत असते. २५० म्हणजे स्वीकारीन. ५५० म्हणजे पेटी मिळत नाही. ४५० म्हणजे आता नाही. येथेही पहिल्या आकड्यात अर्थ आहे: दोन होकाराचा, पाच कायमच्या नकाराचा, चार तात्पुरत्या नकाराचा. वेलणकरांना ही व्यवस्था आवडली असती, असे मला आपले वाटते.

इतके सोपे असते तर माझे नाव यादीत राहिले असते. काही ठिकाणी दारावर असा कारभारी बसलेला असतो की जो कोणतेही पत्र ‘ठेवा, देतो’ म्हणून घेतो. त्याचा होकार काय कामाचा? म्हणून चांगले साधन त्याच दारात एक अशक्य, मनानेच रचलेले नावही विचारते. त्यालाही २५० आले तर पहिल्या २५०ची किंमत शून्य. उलट काही यंत्रे अनोळख्याला पहिल्या खेपेस मुद्दाम ‘नंतर या’ म्हणून परतवतात. खरा टपालवाला पुन्हा येतो, जाहिरातवाला सहसा येत नाही. २००३ साली पुढे आलेली ही युक्ती आहे. माझा पत्ता अशाच एका यंत्रावर आहे. साधन एकदा गेले, ‘नंतर या’ ऐकले आणि पुन्हा गेले नाही. त्याने ‘अज्ञात’ लिहिले ते प्रामाणिकपणे लिहिले. प्रामाणिक उत्तर अपुऱ्या शब्दांत दिले, एवढेच.

आपल्याकडील शास्त्रकारांनी या प्रश्नाचा फार सूक्ष्म विचार केला आहे. न्यायशास्त्राच्या सोळा पदार्थांत प्रमाण आणि प्रमेय यांच्या लगेच पाठोपाठ ‘संशय’ येतो. संशय म्हणजे नकार नव्हे, आणि ज्ञानाचा अभावही नव्हे. त्याला स्वतंत्र स्थान आहे. भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती ‘अनुपलब्धी’ला, म्हणजे वस्तू न दिसण्याला, अभावाचे प्रमाण मानतात खरे, पण अट घालतात की अनुपलब्धी ‘योग्य’ हवी. उजेडात, उघड्या डोळ्यांनी पाहिले आणि टेबलावर घडा दिसला नाही, तर घडा नाही. अंधारात दिसला नाही, तर काहीच सिद्ध होत नाही. ५५० ही योग्य अनुपलब्धी आहे. ४५० हा अंधार आहे. माझ्या विद्यार्थ्याने हे ऐकून वहीत टिपून घेतले, आणि दुसऱ्या दिवशी विचारले, “सर, हे यंत्राला कळेल अशा वाक्यात कसे लिहायचे?”

येथे वाचकाचा प्रश्न आला. ‘एजंट’ म्हटले की आपल्याला विम्याचा एजंट आठवतो. मी त्याला आपला जुना शब्द सुचवला होता, मुतालिक: दुसऱ्याच्या वतीने, त्याचा शिक्का वापरून कारभार करणारा. शब्द स्वीकारला गेला नाही, पण कल्पना तीच. भाषेवर चालणाऱ्या या यंत्राला मालक काम सांगतो. यंत्र हाताशी असलेल्या साधनांची वर्णने वाचते आणि कोणते साधन केव्हा, कोणती माहिती देऊन वापरायचे हे ठरवते. २०२३ पासून अशी सोय मोठ्या भाषाप्रणालींत येऊ लागली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक या कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ या नावाने साधने जोडण्याचा एक खुला नियमसंच प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक साधनाला नाव असते, त्याला काय द्यायचे याचा आराखडा असतो, आणि साध्या भाषेत लिहिलेले वर्णन असते. यंत्राचे वागणे बऱ्याच अंशी या वर्णनावर अवलंबून. व्याकरणाच्या आणि गद्यलेखनाच्या माणसाला आयुष्याच्या उतरणीवर असे काम मिळेल, असे मला कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो.

माणूस अपुरे पत्रक वाचतो तेव्हा अडतो, शेजाऱ्याला विचारतो, कंपनीला फोन करतो. हा वाचक बहुधा अडत नाही. वाक्यात जी फट असेल ती तो संभाव्य अर्थाने भरतो आणि पुढे जातो. फट ठेवणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

आम्ही पहिल्यांदा ‘वैध’ या शब्दावर बसलो. पत्रकात होते, ‘हे साधन ई-मेल पत्ता वैध आहे की नाही ते सांगते’. वैध म्हणजे काय? घडण नियमाप्रमाणे आहे? पेटी अस्तित्वात आहे? की ती पेटी त्याच माणसाची आहे? तिन्ही अर्थ एका शब्दात कोंबले होते. आपल्या बडोद्याने १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनकल्पतरु’ काढला तो याचसाठी, की कारभारातला एक शब्द दहा कचेऱ्यांत दहा अर्थांनी वापरला जाऊ नये. आम्ही ‘वैध’ काढून टाकला. त्याऐवजी चार निकाल ठेवले: स्वीकारतो, नाकारतो, सर्वच स्वीकारतो म्हणून सांगता येत नाही, उत्तर मिळाले नाही. शेवटच्या दोहोंना प्रत्येकी कारण जोडले, आणि कारणापुढे काय करावे ते लिहिले. ‘तात्पुरता नकार आला. काही वेळाने पुन्हा विचारा. या निकालावरून पत्ता यादीतून काढू नका, मालकाला विचारा.’ तीन छोटी वाक्ये. ‘तपासता आला नाही’ या वाक्यात कर्ता लपलेला होता: कोणाला आला नाही, का आला नाही? कर्ता पुढे आणला की जबाबदारीही पुढे येते.

मग स्तुतीची वाक्ये गेली. ‘अत्यंत अचूक’, ‘संपूर्ण भरवशाचे’ असे पुष्कळ लिहिलेले होते. मीमांसेत विधी, निषेध आणि अर्थवाद असे भेद आहेत. स्तुती करणारे वाक्य अर्थवाद, त्याचा शब्दशः अर्थ घ्यायचा नसतो हे माणसाला कळते. हा वाचक मात्र ती स्तुती पुढे मालकालाच ऐकवू शकतो. विक्रीविभागाच्या मंडळींना हे पटायला दोन बैठका लागल्या.

निषेध मात्र वाढवले. या साधनाने एखाद्याच्या नावावरून पत्त्याचे तर्क करून, दहा रूपे रचून, कोणते लागते ते पाहू नये. तेच तर पूर्वी जाहिरातवाल्यांनी केले आणि दारे बंद झाली. प्रत्येक विचारणेला पैसे पडतात, म्हणून एकाच पत्त्याला लागोपाठ विचारत बसू नये. हे साधन पत्र पाठवीत नाही, असेही लिहिले. एका चाचणीत एजंटाने मालकाला ‘निरोप पोचवला’ असे कळवले होते, प्रत्यक्षात त्याने फक्त दार ठोठावले होते.

सर्वांत जास्त वाद झाला तो सुधारणांवर. काही साधने पत्त्यात अक्षरांची अदलाबदल दिसली की ‘तुम्हाला हे म्हणायचे होते काय’ असे सुचवतात. चमूचे म्हणणे, एजंटाने सुचवलेला पत्ता परस्पर वापरावा, वेळ वाचेल. येथे मी हट्टाला पेटलो. माझा प्रबंध पाठचिकित्सेवर आहे. पोथीतले चुकलेले अक्षर झाकायला लेखनिक पिवळा हरताळ लावीत, त्यावरूनच हरताळ फासणे हा वाक्प्रचार आला. अडाणी लेखनिकाने केलेली चूक पुढे शोधता येते. शहाण्या लेखनिकाने केलेली ‘सुधारणा’ शोधता येत नाही, कारण ती बरोबर दिसते. महानुभावांकडे पाहा. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात चक्रधरांच्या लीळा जमवल्या त्या ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन, विचारून. पुढच्या काळात स्मरणे भिन्न निघाली तेव्हा पंथाने ती भिन्न परंपरा म्हणून जपली, एकात एक मिसळून गुळगुळीत केली नाहीत. आमच्या पत्रकात आता सूचना ‘पाठभेद’ म्हणून वेगळ्या रकान्यात येते आणि मूळ पत्ता जसाच्या तसा राहतो.

आणखी एक गोष्ट मराठी माणसांपुढे सांगितलीच पाहिजे. पत्ता देवनागरीत असू शकतो. त्याचे नियम २०१२ साली ठरले, आणि ‘.भारत’ हे देवनागरी क्षेत्रनाम २०१४ मध्ये खुले झाले. डावीकडच्या भागाला ६४ बाइटांची मर्यादा आहे आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट खाते, म्हणजे काना-मात्रा धरून एकवीसच चिन्हे. तरी पत्ता शुद्ध आहे. पण पुष्कळ साधने रोमन अक्षरांपलीकडे काही पाहिले की ‘घडण चुकीची’ असा शेरा मारतात. मोडी न येणाऱ्या कारकुनाने दप्तरातला कागद बनावट ठरवावा, तसा हा प्रकार. माझ्या विद्यार्थ्याचे साधन हे पत्ते तपासू शकत नव्हते. निदान ‘ही लिपी या साधनाला येत नाही’ असे ते आता कबूल करते. तपासण्याची सोय केव्हा होईल, असे मी दर भेटीत विचारतो. तो विषय बदलतो.

काळाचेही व्याकरण आले. ‘पेटी आहे’ हे वर्तमानकाळी विधान यादीत सहा महिने पडून राहते आणि तरीही वर्तमानच वाटते. आता प्रत्येक निकालाबरोबर तपासणीची वेळ येते, आणि वर्णनात ‘तपासले तेव्हा’ हे शब्द आहेत.

पत्रक पुरे होत आले तेव्हा आम्ही साधन चालवून पाहिले. माझा पत्ता दिला. ‘तात्पुरता नकार, पुन्हा विचारा’ आले. अर्ध्या तासाने पुन्हा विचारले, तेव्हा ‘स्वीकारतो’. विद्यार्थी खूश झाला आणि म्हणाला, “सर, आणखी एखादा ओळखीचा पत्ता द्या.” मला दुसरा कोणताच पाठ नव्हता. मी माझ्या दिवंगत मित्राचा दिला. क्षणात उत्तर आले: स्वीकारतो.

त्याला मी काही सांगितले नाही. थोड्या वेळाने म्हटले, “अरे, पहिले वाक्य पुन्हा लिहू या.” आज त्या पानाच्या आरंभी असे आहे: ‘हे साधन पेटीविषयी सांगते, माणसाविषयी सांगत नाही.’ त्याने त्याचे कारण विचारले नाही, मला वाटते त्याला कळले असावे.